पॅरिसच्या वकिलाचा चौथा खंड

सर,

पुस्तकाची किंमत चार युरो. विकणाऱ्या बाईने सहा सांगितले होते. मी सुटलेला पुठ्ठा दाखवला, आणि तीही थंडीला कंटाळली होती. पण खरी किंमत काढायची तर त्यात र्युसेल्सहाइम ते फ्रँकफुर्ट असं एस-बान लोकलचं येणंजाणं धरावं लागेल, मेन नदीच्या काठावर भरणाऱ्या जुन्या बाजारात पाय गारठवत काढलेले दोन तास धरावे लागतील, आणि ज्या इस्त्रीच्या टेबलासाठी बायकोने मला तिथे पाठवलं होतं ते न आणल्याबद्दल रविवारच्या जेवणापर्यंत जे ऐकलं तेही धरावं लागेल. "अहो, टेबल कुठंय?" "पुस्तक मिळालं." "मग आता पुस्तकावर इस्त्री करू का?" एवढ्याला ते पुस्तक मला पडलं, आणि तरीही स्वस्तात पडलं असं मी म्हणतो. कारण तो चौथा खंड आहे. आतल्या पानावर अमेरिकन फौजेच्या कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का आहे आणि त्याच्यावर रद्द केल्याचा दुसरा. त्यांच्या छावण्या इथून एकेक करून उठताहेत आणि त्यांची पुस्तकं बाजारात येताहेत.

आपला तिसरा होता. तुम्ही तो पिंपरीच्या रद्दीवाल्याकडून वजनावर घेतला होता. अमेरिका इंग्रजांशी लढत असताना त्यांनी फ्रान्सच्या राजाकडे मदत मागायला एक म्हातारा पाठवला होता, त्याचा सगळा पत्रव्यवहार. "वकील होता तो," तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "कोर्टातला नव्हे रे, दरबारातला. पेशव्यांचा दिल्लीला असायचा तसा." इतर टायपिंग इन्स्टिट्यूटांत परीक्षेची छापील पुस्तकं असत, त्यात कुठल्याशा कंपनीला कुठल्याशा कंपनीने चहाच्या पेट्यांबद्दल लिहिलेली पत्रं. तुमच्याकडे मात्र आम्ही सगळे पॅरिसच्या वकिलाची पत्रं बडवत असू. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला मी, वॉचमनचा मुलगा, अर्थ न कळता ती पत्रं मिनिटाला तीस शब्दांनी आणि मग चाळीस शब्दांनी काढत गेलो. कानाने शिकतात, डोळ्याने शिकतात. माझं इंग्रजी बोटांतून वर चढलं. आजही इंग्रजीत काही अवघड लिहायचं झालं की आधी माझी बोटं हलतात.

आणि काय पत्रं होती ती. एकेक पत्र चार-चार प्रतींत, वेगवेगळ्या जहाजांवर, कारण एखादं तरी इंग्रजांच्या तावडीतून सुटून पोचेल. उत्तर यायला महिनोन् महिने. तोवर वकील आपल्या अकलेने दरबार सांभाळतोय, बंदुका मागतोय, कर्ज मागतोय, आणि स्वतःच्याच सोबत्यांच्या कुरबुरींना उत्तरं देतोय. आमच्याकडे पुढचा खंड नसल्यामुळे लढाईचं काय झालं हे आम्हाला कळेना. एकदा मी विचारलं, "सर, शेवटी जिंकले का हो?" तुम्ही कॅरेजमधला कागद न काढताच म्हणालात, "अमेरिका अजून आहे ना? मग जिंकले असतील." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्हालाही पुढचा खंड वाचायचा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

आज लिहायला बसलो त्याला आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल मी थोडी बढाई मारणार आहे, ती मारू द्या. गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा खरेदीप्रमुख निवृत्त झाला. गिअरबॉक्स बनवणारी घरंदाज कंपनी, र्युसेल्सहाइमहून गाडीने अर्ध्या तासावर. निरोपाला सत्तरएक माणसं, बटाट्याचं सॅलड, बिअर. तिथे त्या म्हाताऱ्याने माझ्या एका पत्राचा किस्सा सांगितला आणि शेवटी माझ्याकडे ग्लास उंचावून म्हणाला, "चाळीस वर्षांत मला सप्लायर पुष्कळ भेटले. स्वतःची घाण स्वतःच्या हाताने, एक शब्दही न गाळता माझ्या टेबलावर आणून ठेवणारा हा एकच." टाळ्या झाल्या, सर. मी मान खाली घातली नाही. मनात म्हटलं, गिरणीच्या माडीवरचं इन्स्टिट्यूट आज जर्मनीत नाव काढून गेलं. एक शब्दही न गाळता. हे तुमचंच वाक्य आहे, जर्मनमध्ये आलेलं.

ती माडी मला अजून जशीच्या तशी दिसते. खाली पिठाची गिरणी. ती सुरू झाली की नऊच्या नऊ मशीनं थरथरायला लागतात आणि तीन नंबरच्या मशीनचं कॅरेज आपोआप सरकतं. अक्षरांवर बारीक पीठ बसतं. तुम्ही दाढीच्या जुन्या ब्रशने प्रत्येक मशीन झाडताय, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तांबडी पेन्सिल. हातात ती लाकडी फूटपट्टी, ओळीखाली धरायची. अक्षर चुकलं तर तुम्ही नुसतं गोल करायचात. पण नजर घसरून एखादी ओळच गळाली, म्हणजे वरच्या ओळीतला आणि खालच्या ओळीतला शब्द सारखा असला की नवशिक्यांची हमखास गळतेच, तर अख्खा कागद बाद. मी एकदा हुज्जत घातली होती: "सर, बाकी तीस ओळी बरोबर आहेत की." तुम्ही कागद माझ्या हातात परत दिलात. "अक्षर चुकलं तर वाचणाऱ्याला दिसतं. तो मनात दुरुस्त करून घेतो. ओळ गाळलीस तर त्याला दिसतच नाही. पान स्वच्छ वाटतं. बाद."

माडीच्या मागे फळीचा आडोसा, आणि पलीकडे काकूंचं स्वयंपाकघर. तुम्हाला एखादं पत्र ठीक झालंय की नाही याची शंका आली की तुम्ही ते घेऊन आत जायचात आणि काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचात. काकूंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्या भाकरी थापता थापता ऐकायच्या, आणि निकाल द्यायच्या. "हा विनवणी करतोय, पण ताठ आहे." "ह्याला काहीतरी लपवायचंय, फार गोड बोलतोय." आम्ही फळीला कान लावून ऐकत असू आणि त्या दर वेळी बरोबर निघत. माझे कान तिखट आहेत असं लोक इथे म्हणतात. फोनवर समोरच्याने श्वास घेतला की मला कळतं तो नाही म्हणणार आहे. हे तिखटपण तुमच्या स्वयंपाकघरातून आलंय. मी शिकलो ते मजकूर बाजूला ठेवून आवाज ऐकायला.

माझं रागाचं पत्र तुम्हाला आठवत असेल. एका फाउंड्रीत नोकरीसाठी गेलो होतो, तिथल्या पर्सोनेल ऑफिसरने मला दोन दिवस गेटवर उभं केलं आणि तिसऱ्या दिवशी शिपायाकरवी सांगितलं की जागा नाही. मी तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कागदावर त्याला असं पत्र काढलं की विचारू नका. तुम्ही माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिलात. मला वाटलं आता कान धरणार. तुम्ही म्हणालात, "चांगलं आहे. तीन कार्बन लावून स्वच्छ काढ." मी काढलं. तुम्ही ते आत नेलंत, वाचलंत, आणि काकूंचा आवाज आला, "हा मुलगा चपला घालून देवघरात शिरलाय." मग तुम्ही बाहेर येऊन तिसरा खंड उघडून माझ्यापुढे ठेवलात. वकिलाचा एक सोबती सारखा त्याच्यावर संशय घ्यायचा, टोचून टोचून लिहायचा. त्याला वकिलाने एकदा असं उत्तर लिहिलं की कागद पेटावा. आणि खाली बारीक टाइपात छापलेलं होतं की हे पत्र पाठवलं गेलं नाही. "न पाठवलेलंसुद्धा छापलं?" मी विचारलं. "पाठवलं असतं तर माणूस तुटला असता," तुम्ही म्हणालात. "लिहायचं तर सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस. मग ड्रॉवरमध्ये ठेव. सोमवारी बघू." सोमवारी मी ते वाचलं आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याऐवजी तुम्ही माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्यात. त्या चार ओळींवर त्याच फाउंड्रीत मला डिस्पॅचमध्ये टायपिस्टची नोकरी लागली, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही ती फूटपट्टी माझ्या हातात दिलीत. मी म्हटलं, "सर, तुम्हाला लागेल." तुम्ही म्हणालात, "मी नवी घेईन. तुला नवी चालणार नाही."

तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईच्या गोदीत माल चढवत होतो. मला कळलं अकराव्या दिवशी. वकिलाच्या पत्रांसारखीच बातमी उशिरा पोचली. माडीवर गेलो तर मशीनांवर झाकणं होती, आणि काकूंनी मला चहा दिला. तिसरा खंड कुठे गेला हे विचारायचं माझ्या जिवावर आलं.

त्याच फाउंड्रीत मी डिस्पॅचमधून एक्स्पोर्टला गेलो, आणि एक्स्पोर्टमधून इथे. मालकांनी माझ्या नावापुढे प्रतिनिधी असं छापलं. मी मनात वकील म्हणतो. जर्मन मी इथे आल्यावर कानाने शिकलो, व्याकरण अजूनही लंगडं आहे, पण बैठकीत कोण कशासाठी खोकला हे मला कळतं. इथली एक पद्धत तुम्हाला फार आवडली असती. दर मंगळवारी बैठक, आणि बैठकीचा प्रोटोकोल, म्हणजे जे बोललं गेलं त्याची लेखी नोंद, दोघांच्या सह्यांनी. त्यात नाही ते झालंच नाही. आपल्याकडे उलटं. आपल्याकडे खरं काम प्रोटोकोलच्या बाहेरच होतं, फोनवर, 'बघतो, होऊन जाईल' म्हणत. मी या दोन पद्धतींच्या मध्ये बसलेला माणूस. इकडे सह्या करायच्या, तिकडे होऊन जाईल ऐकायचं, आणि दोन्हीकडच्यांना वाटलं पाहिजे की आपलंच चाललंय.

फुटबॉलचा वर्ल्डकप इथे झाला त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या फाउंड्रीची मोठी भट्टी बंद पडली, आतलं अस्तर गेलं. गिअरबॉक्सच्या हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या ओतीव कवचाचा, माल दर आठवड्याला इथे यायलाच हवा होता. धाकट्या मालकांनी काय केलं, तो माल कोल्हापूरच्या एका पार्टीकडून ओतून घ्यायला सुरुवात केली आणि त्यावर आपला शिक्का मारून पाठवला. तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं, ओतीव ते ओतीव. या धंद्यात बिघडतं, सर. माल कुठल्या भट्टीत ओतला हे गिऱ्हाइकाला न सांगता बदलणं म्हणजे सगळ्यात मोठी लबाडी. कळलं की ऑर्डर गेली. आणि ती ऑर्डर म्हणजे आमची अर्धी फाउंड्री, भट्टीवरची दीडशे माणसं, त्यांतली निम्मी मी डिस्पॅचमध्ये होतो तेव्हाची.

धाकट्या मालकांचा मेल आला. आम्ही आपसांत इंग्रजी लिपीत मराठी लिहायचो. मी त्याला आमची गुप्त लिपी म्हणायचो, वकिलाची होती तशी. जर्मन माणसाने जन्मभर डोकं आपटलं तरी त्याला कळणार नाही. त्यात त्यांनी सगळं लिहिलं होतं: भट्टी बंद, माल कोल्हापूरचा, शिक्का आपला, म्हाताऱ्याला कळू देऊ नका, सगळं वेळेवर चाललंय म्हणा. पाच ओळी. त्यावर मी तीन ओळी उत्तर दिलं. मालकांना बरं वाटावं म्हणून खरेदीप्रमुखाला म्हातारा बोकड म्हटलं आणि मंगळवारच्या प्रोटोकोलमध्ये 'वेळेवर' लिहून टाकतो असं कळवलं. एकूण आठ ओळी. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला मालाचं वेळापत्रक पाठवायचं होतं. ते त्याच मेलला जोडलेलं होतं. मी वर छान इंग्रजी लिहिलं आणि मेल पुढे पाठवला. खाली आमच्या आठ ओळींची शेपूट तशीच.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. तरुण बाईचा आवाज, आणि शुद्ध सांगलीचं मराठी. "काका, मी इथल्या क्वालिटीमधून बोलतेय. तुमच्या मेलच्या खालचं मराठी आम्हाला कळतं हो." मी खुर्चीत बसलो. तिचं नाव मी दोन महिने मेलच्या यादीत बघत होतो. नवऱ्याचं आडनाव दक्षिणेतलं, म्हणून ही तिकडची असं मी धरून चाललो होतो. आडनावावरून माणसाचं गाव ठरवायची आपली खोड, ती मला इथवर घेऊन आली. "कोणी पाहिलंय?" मी विचारलं. "खरेदीच्या साहेबांनी मेलचा प्रिंट माझ्या टेबलावर ठेवलाय. म्हणाले, ही तुमच्याकडची भाषा दिसते, सोमवारी मला भाषांतर द्या." तिने श्वास घेतला आणि मला कळलं पुढे काय येणार. "काका, मी अजून प्रोबत्साइटमध्ये आहे, नोकरी कच्ची. सहा महिन्यांत कधीही घरी पाठवू शकतात. मी खोटं लिहू शकत नाही. पण तुम्हाला न सांगता खरंही लिहवेना." मी म्हटलं, "तू काहीच लिहू नकोस. मी सोमवारी येतो." "काय करणार?" "बघतो," म्हणालो, आणि माझं मलाच हसू आलं. होऊन जाईल असं म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

शनिवारी बायकोने दोनदा विचारलं, अहो, काय झालंय, आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही, ते जास्त वाईट. मुलगी भूमितीचा गृहपाठ करत होती, तुमच्या फूटपट्टीने. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. मी म्हटलं, "ती पट्टी जरा दे." ती जर्मनमध्ये म्हणाली, ही वाकडी आहे, मी नवी मागणार होते. मी म्हटलं, "वाकडी नाही, जुनी आहे." पट्टी हातात आली आणि मला एक पत्र आठवलं, तुम्ही आमच्याकडून सगळ्यात जास्त वेळा काढून घेतलेलं. वकिलाला कोणी बाईने कळवलं होतं की तुझ्याभोवती हेर आहेत. त्याने उत्तर दिलं होतं की असतील. मी असं काही करतच नाही की जे हेराने पाहिलं तर मला लाज वाटेल, मग माझा नोकर हेर असला तरी तो नोकर चांगला आहे तोवर मी त्याला काढणार नाही. आणि गंमत म्हणजे त्याचा कारकून खरोखरच फितूर होता, शेजारी बसून प्रत्येक कागद वाचत होता, आणि हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. तुम्ही म्हणायचात, "म्हणून त्याचं बिघडलं का? पत्रंच अशी लिहायची की फितुराने वाचली तरी चालतील." मी ते मिनिटाला चाळीस शब्दांनी काढलं होतं. वाचलं त्या शनिवारी.

मग मी बसलो आणि मेलखाली फूटपट्टी धरून, ओळीमागून ओळ, जर्मनमध्ये भाषांतर केलं. भट्टी. कोल्हापूर. शिक्का. बोकडसुद्धा. जर्मनमध्ये बोकडाला वेगळी धार आहे, मी ती बोथट केली नाही.

सोमवारी सकाळी मी त्या म्हाताऱ्याच्या टेबलासमोर उभा. तो खुर्ची दाखवतो, मी बसत नाही. कागद पुढे करतो आणि म्हणतो, "तुम्ही भाषांतर मागितलं होतं. लिहिणारा मीच आहे, म्हणून मीच आणलं." तो चष्मा बदलतो. हळूहळू वाचतो. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेतंय. "आल्झो," तो म्हणतो, म्हणजे 'असं तर'. "म्हातारा बोकड?"

"हो."

"म्हातारा तर मी आहे." तो पुन्हा वाचतो. "तुमच्याकडे बोकड हट्टी असतात?"

"फार."

"मग त्याला माझी हरकत नाही. कोल्हापूर किती लांब आहे?"

मी अंतर सांगितलं, पार्टीची भट्टी कशी आहे सांगितलं, माल चांगला आहे पण तपासलेला नाही तेही सांगितलं. त्याने सांगलीच्या मुलीला बोलावून घेतलं, तिच्यापुढे मूळ मेल आणि माझा कागद ठेवला आणि विचारलं, "बरोबर आहे?" ती उभी राहून वाचू लागली. एका हाताचं बोट मेलवर, दुसऱ्याचं माझ्या कागदावर. तिला वेळ लागला. मग तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

म्हातारा खिडकीकडे बघत म्हणाला, "अकरा महिने तुमच्या प्रत्येक प्रोटोकोलमध्ये लिहिलंय की सगळं वेळेवर आहे. मला त्याची भीती वाटत होती. कुठल्याही फाउंड्रीत सगळं वेळेवर नसतं." त्याने ऑर्डर काढून घेतली नाही. कोल्हापूरचा माल बाजूला ठेवून तपासला, एक माणूस तिथे पाठवला, आणि आम्हाला भट्टी सुरू करायला तीन महिने दिले. मी पार्किंगमधून धाकट्या मालकांना फोन लावला तेव्हा ते ओरडले, "तुम्ही पगार कोणाचा खाता?" मी म्हटलं, "तुमचाच. म्हणून तर गेलो." पंधरा दिवस ते बोलले नाहीत. भट्टी सुरू झाल्यावर बोलले. दीडशे माणसं जागेवर राहिली.

तर हा तो किस्सा, ज्यावर सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमध्ये सांगलीची ती पोरगीही होती, आता पक्की नोकरी, हातात बिअरऐवजी सफरचंदाचा रस. ती टाळ्या वाजवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

चौथा खंड मी रविवारी दुपारी उघडला. लढाई जिंकले, सर. तुमचा अंदाज बरोबर होता. त्यात एक पत्र आहे, ते तुम्ही आमच्याकडून शंभर वेळा काढून घेतलं असतंत. वकिलाने आणि त्याच्या सोबत्यांनी इंग्रजांशी तह ठरवून टाकला, आणि ज्या फ्रान्सने सगळी मदत केली त्याच्या मंत्र्याला आधी कळवलंच नाही. मंत्री चिडला. त्यावर वकिलाने उत्तर लिहिलंय की आमचा शिष्टाचार चुकला खरा, पण तेवढ्यावरून इतकं मोठं काम मोडू नये. चूक कबूल, मान ताठ, आणि त्याच पत्रात आणखी कर्जाची मागणी. मी वाचता वाचता हसलो. काकू म्हणाल्या असत्या, विनवणी करतोय पण ताठ आहे. मग खालची बारीक टीप वाचली. तहात एक गुप्त कलम होतं, इंग्रजांशी ठरवलेलं. ते त्या मंत्र्याला तेव्हाही दाखवलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. मला त्यावरून सुटका करून घेता आली असती, की एवढा मोठा माणूसही एक ओळ राखून होता. पण मी टायपिंग त्याच्याकडे शिकलो नाही. तुमच्याकडे शिकलो. आणि टाळ्या तर माझ्या कानात अजून होत्या, त्यांचा आवाज काकूंना ऐकवला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या हे मला ठाऊक आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. गिरणी गेली, माडी गेली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे म्हणतात. हे ड्रॉवरमध्ये ठेवतो. सोमवारी बघू.

पण तुम्ही सांगितलं होतंत की लिहायचं तर सगळं. मालकांना मी लिहिलेल्या तीन ओळींतली शेवटची अशी होती: 'म्हातारा माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो, त्याच्यावर अजून दोन महिने निघतील.' त्या शनिवारी फूटपट्टी तिच्याखाली आली, आणि मी पट्टी उचलून ठेवली. बोकड लिहायला मला लाज वाटली नाही. हे लिहायला वाटली. त्या सोमवारी, म्हाताऱ्याच्या खोलीतून निघाल्यावर, लिफ्टशी ती मुलगी माझ्या शेजारी उभी राहिली. नोकरी पणाला लावून तिने गेनाऊ म्हटलं होतं. बटण दाबता दाबता हळू आवाजात म्हणाली, "काका, मी ओळी मोजल्या." लिफ्ट आली.

मेलमध्ये आठ ओळी होत्या, सर. माझ्या कागदावर सात.